ताणावरची बाग

बोटीवरून,
१३ मे २०२५

चि. कचरूस दादाचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. घर सोडून आठ दिवस झाले, पत्राला फार उशीर झाला, माफ कर. लेकीकडे, साधनाच्या घरी लंडनला थंडीने बोटं वळेनात आणि बोटीवर चढल्यापासून पोटात अन्न ठरेना. फोनवर आवाज तुटतो आणि तू नुसता हो हो म्हणतोस. म्हणून लिहितोय. साधना कागदाचा फोटो पाठवील. तूही तसंच कर.

बोट आपल्या धावडा गावापेक्षा मोठी आहे, पण माझा जीव मोसंबीत. मृग बहारासाठी पाणी तोडून बाग ताणावर सोडल्याला आज चोवीस दिवस झाले. ताण दिल्याशिवाय फूल येत नाही हे मलाही कळतं. पण लेकीने फोनवर तिकडचं ऊन दाखवलं, बेचाळीस अंश. विहिरीजवळच्या चार ओळी पिवळ्या पडल्या असतील. पानं गळत असतील तर जूनची वाट बघू नको, एक हलकं पाणी दे. झाडच गेलं तर बहार कशाला येईल?

शुक्रवारी मादेइरा नावाच्या बेटावर उतरवून तिथल्या बागा दाखवणार आहेत. मला बिलकुल जायचं नव्हतं, साधनाने आधीच नाव घातलं. तुझ्या वहिनीला गुडघ्याला तेल लावायला सांग. गुडघे बरे असते तर तीही आली असती.

पाणी दिल्याचं जल्दी कळव.

तुझा काळजीतला,
भागवतदादा

धावडा,
१५ मे २०२५

तीर्थस्वरूप दादांना कचरूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. वहिनींना वाचून दाखवलं. पाणी दिलेलं नाही आणि देणार नाही. चाळीस वर्षांत तुम्हाला असं पहिल्यांदा सांगतोय. समोर असता तर जीभ रेटली नसती.

पानं गळालीत, बराबर गळालीत. झाडाखालून चाललं की पायाखाली कुरकुर वाजतं. तसंच पाहिजे. मागची तीन सालं तुम्ही पंचविसाव्या दिवसाच्या आत मोटार चालू केली. तिन्ही सालं बाग हिरवीगार आणि फूल औषधालाही नाही. चतुर्थीला राजूरच्या गणपतीपुढे बहारासाठी नारळ फोडायचा आणि घरी येऊन मोटारीचं बटण दाबायचं, मंग गणपतीने तरी काय करावं, असं वहिनी म्हणतात. शब्द त्यांचे आहेत, माझे नाहीत.

आता खरं सांगतो. वहिनींचे गुडघे ठणठणीत आहेत. काल माळ्यावर चढून त्यांनी शेवयांचा डबा काढला. मे महिन्यात तुम्हाला बागेपासून लांब ठेवायचं त्यांनी आणि साधनाने संक्रांतीलाच ठरवलं होतं. मलाही माहीत होतं. मोटारीच्या पेटीला कुलूप घातलंय आणि किल्ली वहिनींच्या कंबरेला आहे. मागायची माझीही हिंमत नाही.

रागावू नका, पण एक पक्कं केलंय. यंदाही फूल आलं नाही तर माझ्या वाट्याची दीडशे झाडं काढून मी कपाशी लावणार. बागेचे दोन तुकडे झालेले तुम्हाला बघवणार नाहीत आणि मलाही नाहीत. म्हणून एक साल ताण पुरता बसू द्या. एक जूनला पाणी सोडू.

बेट नीट बघा. तिथे तरी कुठल्या पाण्याला हात लावू नका, असा वहिनींचा निरोप आहे.

आशीर्वाद असू द्यावा.

आपला,
कचरू

बोटीवरून,
१७ मे २०२५

चि. कचरूस दादाचे आशीर्वाद.

तुझं पत्र साधनाने बेटावरच्या बागेच्या फाटकात हसू दाबत वाचून दाखवलं. तिघांनी मिळून मला समुद्रात सोडलं. इतका राग आला की मी तिला मागे टाकून पुढे निघालो.

बाग डोंगराच्या उतारावर आहे. बाग दाखवणारी बाई फुलांची नावं सांगत होती, मी पाण्याचा पाट बघत होतो. वरच्या डोंगरातून हातभर रुंद दगडी पाट आणलाय, बाग आणि खालची शेतं सगळी त्याच्यावर. पाटाच्या कडेला एक वाफा मान टाकून पडला होता आणि पाणी त्याच्यापासून वीतभरावरून चाललं होतं. माझा हात आपोआप गेला. मी वाफ्याचं पाणी अडवणारी लोखंडी फळी वर उचलली. हे तुझ्या वहिनीला सांग, मी लपवत नाही.

राखणीचा एक म्हातारा धावत आला आणि त्याने फळी खाली सरकवली. ओरडला नाही. घड्याळात तीनच्या आकड्यावर बोट ठेवलं आणि खालच्या शेतांकडे हात केला. साधनाने सांगायच्या आधीच मला उमजलं. तीनपर्यंत पाळी खालच्यांची होती. मी त्यांचं पाणी तोडलं होतं.

आमची बस अडीचला सुटणार होती. मी म्हटलं, तीनशिवाय मी हलत नाही. साधनाने विनवलं, मग धमकावलं, मग तीही बसली. म्हातारा माझ्याशेजारी दगडावर. ती पानं बघवत नव्हती. दोनदा हात उठला, दोन्ही वेळा मांडीखाली दाबला. तीन वाजता त्याने मलाच फळी उचलायची खूण केली. वाफा भिजला. पानं उठलेली बघायला वेळ नव्हता. उठली असतील. टॅक्सी करून आम्ही बोट गाठली.

तासभर बसता आलं, तर एक जूनपर्यंतही बसेन. मी सत्तावीसला घरी येतोय. आल्या आल्या बागेत जाईन आणि किल्ली मागेन, हे मला आत्ताच दिसतंय. ओरडेन, ताट सरकवीन. तरी देऊ नका. हे मी माझ्या हाताने लिहून देतोय. कागद वहिनीपाशी ठेव आणि मी किल्ली मागितली की माझ्यापुढे धर.

फक्त पानं किती उरलीत तेवढं कळव. विहिरीजवळच्या ओळींचं आधी लिही. जल्दी लिही बाबा, मी वाट बघतोय.

तुझा,
दादा