तू कुठी पितेस

१० मार्च २००४, एटापल्ली
आज चिमूरहून सामान घेऊन पोचलो. बालाजीच्या कृपेनं सगळं धड आलं, एक बरणी तेवढी तडकली. टाकायची कशाला, तिच्यात तुळस लावली. यांना इथल्या संशोधन केंद्रात कंपाउंडरची जागा मिळाली आहे. शेजारच्या टोल्यावरची, म्हणजे पाड्यावरची, नीलाबाई ओंजळभर मोहफुलं घेऊन आली. म्हणाली, मॅट्रिक झालेली बाई इथी कशाले आली, वाट चुकली काय? खूप हसलो. सगळीकडे मोहाचा गोड वास आहे. जागा आवडली.

१४ मार्च
केंद्राच्या डॉक्टरसाहेबांनी मलाही काम दिलं. जिल्ह्यात दारूबंदी आहे, तरी मोहाची घरोघरी निघते. साहेबांचं इंजेक्शन म्हणजे सर्दीचा विषाणू, दात काढलेला. तो यकृतात जाऊन एका जनुकाला गप्प करतो. त्या जनुकामुळे दारू पचवणारं विकर शरीरात बनतं. ते बनणं थांबलं की घोटभर दारूही अंगात विष होऊन साचते, मग माणूस आपणच सोडतो. बायकांना हे समजावून सांगायचं. पुण्याचं काम.
नीलाबाईनं विचारलं, माह्या बुढ्याले धोका तं नाई ना बाई? साहेब नाही म्हणाले होते. मी देव्हाऱ्यावर हात ठेवून शपथ घेतली.

१७ मार्च
शिबिर झालं. नीलाबाईच्या नवऱ्यानं, लालसूभाऊनं, सगळ्यांत आधी दंड पुढं केला. मला थकवा होता, तर यांनी स्वतःच्या हातानं शक्तीचं इंजेक्शन दिलं. मग बराच वेळ कापूस चोळत बसले, वर पाहिलं नाही. एवढी माया लग्नापासून पहिल्यांदाच.

२५ मार्च
टोचलेल्यांना सर्दीताप येऊन गेला. मलाही आला. लालसूभाऊ चोरून प्यायला गेला अन् ओकून बेजार झाला. नीलाबाई सांगत होती, बुढा टमाट्यावानी लाल झाला, मडकं त्यानंच फोडलं. माझ्यासाठी तिनं डिंक आणला. देवापुढं साखर ठेवली.

२ एप्रिल
काल टोल्यावर नवा मोह देवाला चढला. देवापुढचा दोना, पानाच्या द्रोणातली मोहाची दारू, कोणी नाकारत नाही. आम्ही घरची दारू सोडवली. देवाच्या दोन्याचं कोणाच्या मनातच आलं नाही. साहेबांच्या नाही, माझ्याही नाही. लालसूभाऊनं एकच घेतला.
आज गेला.
साहेब म्हणाले, हृदय आधीच कच्चं असेल. नीलाबाई रडली नाही. एवढंच म्हणाली, शपथ तुमच्या देवाची होती ना, बाई?

५ एप्रिल
अन्न जात नाही. आईनं बांधून दिलेलं द्राक्षासव दोन चमचे घेतलं. तोंड तापलं, छाती फुटेल असं झालं, उलट्या. अगदी लालसूभाऊसारखं. मी तर कधी थेंबही—
हे दारात उभे होते. घाबरले नाहीत. हातात घड्याळ होतं.

६ एप्रिल
विचारलं. कबूल झाले, शक्तीचं म्हणून दिलं ते साहेबांचंच इंजेक्शन होतं. आसवात थोडी दारू असतेच म्हणाले. न पिणारं एक माणूस साहेबांना पाहिजे होतं, नोकरी त्यावरच पक्की होणार होती. संमतीच्या कागदावर माझी सही यांनीच केली. म्हणाले, तू कुठी पितेस, तुले काय होते?
इंजेक्शनचा असर उतरेल कधी? साहेबांनाही माहीत नाही.
यांच्या हातचं पाणीसुद्धा आता—

११ एप्रिल
लालसूभाऊचा दिवस. या टोल्यात ज्याच्या शब्दावर माणूस गेला, त्यानं घरधनिणीच्या हातचा दोना घ्यायचा. नाकारला तर जाणून मारलं असा अर्थ.
नीलाबाई दारात आहे. माझ्या इंजेक्शनचं सांगितलं. म्हणाली, आता हेही सांगाल.
शपथ माझी होती—

घेतला.
तोंड— छाती—
नीलाबाईनं पाहिलं. ओरडत साहेबांकडं पळाली—
यांनी डावं मनगट धरलं. वाटलं, आधाराला.
नाडी मोजताहेत.
पाणी द्या म्हटलं. म्हणाले, बोलू नको, आकडा चु