समुद्रावर न गेलेली मुलगी

९ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

फोन मोडला का, पत्र कशाला, असं म्हणशील. फोन ठणठणीत आहे, फक्त त्यावर आपण दोघीच नसतो. म्हणून कागद घेतला. पाकीट वाटेत कोणी उघडलंच, तर त्या साहेबांनाही नमस्कार. वाचा आणि पुन्हा नीट चिकटवा.

आई, आपण जिंकणार! मला एका जागी बसवत नाहीये. प्रयोगशाळेत आज पाण्याच्या दोन बाटल्यांना एकच चिठ्ठी लावली, तेव्हा मोठ्या बाईंनी मला सरळ घरी पिटाळलं.

तुला ठाऊक आहेच, कारखान्याखालच्या नदीचं पाणी पिण्याजोगं नाही हा माझा अहवाल वर्तमानपत्रात आला, तेव्हापासून फोनवर मी ज्याला भेटायचं ठरवावं, त्याच्या दारात साध्या कपड्यांतला माणूस आधीच हजर. मी कोर्टात गेले, तर सरकार म्हणालं, आम्ही कोणाचा फोन ऐकत नाही, बाईंना भास होतात. न्यायाधीशांनी गेल्या तारखेला बजावलं की पुढच्या वेळी पुरावा आणा, नाहीतर अर्ज फेटाळू. आणि परवा सरकारनंच पुरावा घरपोच दिला.

त्यांचं प्रतिज्ञापत्र आलंय. आम्ही ऐकत नाही, डोळ्यांनी पाहतो, हे पटवायला त्यात दाखला दिलाय. जानेवारीत अर्जदार बाई मैत्रिणींबरोबर समुद्रकाठी एका निवृत्त कप्तानाच्या बंगल्यात राहिल्या, रोज सकाळी होडी वल्हवायला शिकल्या, आणि हे आमच्या अधिकाऱ्यानं झाडाआडून प्रत्यक्ष पाहिलं. खाली सही आणि शिक्का! वकीलबाई वाचता वाचता थांबल्या आणि ही होडी कशासाठी शिकलात, असं त्यांनी मला विचारलं. मला आधी हसू आवरेना आणि मग रडू आवरेना.

कारण आई, मी समुद्रावर गेलेच नव्हते. कप्तान नाही, बंगला नाही, होडी तर नाहीच. ती सगळी थाप मी फोनवर मारली होती, आणि फक्त तुला. त्या दिवसांत मी इस्पितळात होते. छातीत गाठ हाताला लागली, ती काढून टाकली. घाबरू नकोस, साधी निघाली, डॉक्टरीणबाईंनी तसं लिहून दिलंय. पण मावशी ज्या दुखण्यानं गेली तेच तुझ्या डोळ्यांपुढे उभं राहिलं असतं, म्हणून तुला समुद्र सांगितला. मध्येच हात दुखतोय असं तोंडून निसटलं, तेव्हा वल्ही सुचली.

हे कोर्टाच्या आधी तुला कळायला हवं होतं. रागाव हवी तेवढी, पण एवढं आठवून कळव. समुद्राचं तू कोणाला बोलली होतीस का? दादाला, शेजारच्या काकूंना, शिवायला येणाऱ्या एखाद्या गिऱ्हाइकाला? एकाला जरी बोलली असशील, तर सरकार म्हणेल आम्हाला तिथून कळलं. सगळं घोडं तिथेच अडलंय.

उत्तर उलट टपाली हवं. तुझी (अजून लाडकी असल्यास) लाडकी,
भिंगरी

१३ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद, आणि पाठीत दोन धपाटे.

पत्र आलं तेव्हा मी मशीनवर होते. वाचून झाल्यावर एका गिऱ्हाइकाच्या कोटाला बाही उलटी जोडली. आधी रडले, मग तुझ्या नावानं बोटं मोडली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचलं. तू तिकडे खाटेवर एकटी, आणि मी इकडून तुला सांगतेय की टोपी घाल, होडीत ऊन लागतं! माझ्या बहिणीच्या उशाशी मी शेवटपर्यंत बसले होते. तुझ्याही बसले असते. हे मला टोचत राहणार आहे, आणि तुलाही टोचावं म्हणून लिहितेय.

आता तुझा प्रश्न. कोणाला सांगितलं? कोणाला म्हणजे कोणाला नाही. त्यात माझा मोठेपणा काही नाही, मी फुगून बसले होते. जन्मभर मान मोडून लोकांचे कपडे शिवले, समुद्र बघायचा राहिला तो राहिलाच, आणि पोटची पोर मला साधं विचारतही नाही, मैत्रिणींना घेऊन जाते! शेजारच्या काकूंना हे कुठल्या तोंडानं सांगणार? त्या दर सुट्टीला लेकाबरोबर कुठे ना कुठे जातात आणि आल्या की फोटो घेऊन माझ्या दुकानात ठाण मांडतात. दादालाही बोलले नाही. तो म्हणाला असता, आई, तुला हेवा वाटतोय. वाटतच होता.

वकीलबाईंना सांग, साक्षीदार तयार आहे. दादा मला आदल्या दिवशीच घेऊन येईल. आणि हो, तेव्हा मी तुझ्यावर चिडून फोन आपटला होता, तेही त्या मेल्यांनी ऐकलं असणार. माझा रुसवा ऐकायला यांना कोणी सांगितलं होतं? तुझ्यापेक्षा मला त्यांचाच जास्त राग आलाय, एवढ्यावर समाधान मान.

तुझ्यावर चिडलेली आणि तरी तुझीच,
आई

१७ मार्च

ती. आईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वकीलबाईंना वाचून दाखवलं. त्या खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागल्या! तुझा रुसवा हा त्यांनी या कामात पाहिलेला सर्वांत भक्कम पुरावा आहे म्हणे. माझ्या आईचं काय काय कामाला येईल याचा नेम नाही.

एक गोष्ट मात्र घशात अडकलीय. इस्पितळाचा कागद आम्ही बंद पाकिटात न्यायाधीशांना देणार होतो. सरकारी वकिलांनी हरकत घेतलीय की तो भरल्या कोर्टात वाचला जावा. म्हणजे माझं खाजगी बोलणं चोरलं हे दाखवायला मी माझं सगळ्यांत खाजगी दुखणं चारचौघांपुढे मांडायचं! वार्ताहर लिहून घेणार, प्रयोगशाळेतले शिपाईदादाही वाचणार. वकीलबाई म्हणाल्या, अर्ज मागे घ्यायचा तर अजून वेळ आहे, निर्णय तुमचा. रात्रभर विचार केला. मागे घेतला तर आपल्या फोनवरचा तो तिसरा माणूस कायमचा घरातलाच होईल. मी मागे घेत नाही. कधी एकदा तारीख उजाडते असं झालंय.

लवकर ये, आणि येताना धीर घेऊन ये, माझा पुरणार नाही.
तुझी,
भिंगरी

२५ मार्च

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद. या वेळी धपाटे माफ.

निकाल लागला आणि वार्ताहरांनी तुला गराडा घातला, इकडे आमची गाडी सुटत होती. तुला धड जवळही घेता आलं नाही. म्हणून आज सवड काढून लिहायला बसले. अक्षर गोड मानून घे.

वकीलबाईंनी त्या अधिकाऱ्याला होडीचा रंग विचारला आणि त्यानं छाती काढून पांढरी म्हणून सांगितलं, तेव्हा मला हसू दाबायला दादाच्या दंडाला चिमटा काढावा लागला. त्याचा दंड अजून लाल आहे. मग न्यायाधीशांनी तुझं पाकीट उघडलं, मनात वाचलं, घडी घालून परत पाकिटात ठेवलं आणि सांगितलं की यातलं एक अक्षर इथे वाचलं जाणार नाही, हे या बाईंचं स्वतःचं आहे. त्या वेळी मी तुझ्या पाठीकडे बघत होते. तुझे खांदे खाली आले आणि मला हायसं वाटलं.

माझ्या साक्षीची कीर्ती इथवर पोचलीय. मुलगी फोनवर आणखी काय काय सांगते, असं सरकारी वकिलांनी विचारलं, तर दुसरं काय सांगणार? मी म्हटलं, ते तुमच्याकडे आहेच की सगळं, मला कशाला विचारता. एवढं हसण्यासारखं त्यात काय होतं कोण जाणे, पण न्यायाधीशांनीही मान खाली घातली. हुकुमाशिवाय ऐकलं ते बेकायदा, आजपासून बंद, आणि जमवलेलं सगळं पुसून टाका, असं ते म्हणाले तेव्हा दादानं मला उभ्या उभ्या मिठी मारली. काकूंनी काल वर्तमानपत्र आणून दाखवलं. या खेपेला दुकानात मी बोलत होते आणि त्या ऐकत होत्या.

काल तुझा फोन आला. मोकळ्या फोनवर तू किती हसलीस, आणि हसता हसता मी अगदी बरी आहे, असं पुन्हा पुन्हा म्हणालीस. मी हो हो म्हटलं. पण पोरी, तुझा तो आवाज मला समुद्रावरूनही अस्साच आला होता.

येत्या रविवारी ये. दुकान बंद ठेवते, दादाला बाहेर पाठवते, दार आतून लावून घेऊ. तो व्रण मला बघायचाय.

बाकी सर्व क्षेम. माया आहे तेवढी सगळी तुझीच आहे.
आई