हिरव्या शाईची रेघ

९ जानेवारी, गुरुवार

नियम बदलला! एकतीस वर्षं आमच्या समीक्षक-संघात मत द्यायची पद्धत एकच — नको त्या चित्रपटाच्या नावावर रेघ मारायची, उरेल तो आपला. आता हव्या त्या नावापुढच्या चौकटीत फुली करायची. रेघ मारली की मत बाद.

तरुण मंडळींचा आग्रह. ग्लेब म्हणाला, "इरायदा ल्वोव्ना, आवडत्याला मत द्यायचं की नावडत्याला फाशी?" बत्तीस वर्षांचा आहे, माझ्याच मतमोजणी समितीत बसतो. समीक्षकाला दुसरं येतं काय, हे त्याला अजून कळायचंय.

सूचनापत्रक मीच लिहिलं. समितीची प्रमुख मी, बावीस वर्षं. 'रेघ मारू नये' या शब्दांखाली दोन रेघा मारल्या.

१३ जानेवारी, सोमवार

जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे आज वर्षाचा शेवटचा दिवस. केशा दुपारी जेवायला आला. इनोकेंती पाव्लोविच एरवी, पण चित्रपट-संस्थेत एका बाकावर बसलो तेव्हापासून माझा केशाच. हेरिंग मासा, बिटाची कोशिंबीर, बटाटे. एकोणऐंशीचा झाला. हात फार थरथरतो आता. अर्धा चहा बशीत.

"सूचनापत्रक वाचलं," म्हणाला. "गृहपाठ दिल्यासारखं लिहिलंयस."

"तुझ्यासारख्या विसराळूंसाठीच आहे ते."

मफलर विसरून गेला. म्हणजे बघा!

१५ जानेवारी

उस्तिन्याचा फोन. माझी विद्यार्थिनी. शेवटच्या फेरीत दोनच चित्रपट उरलेत, त्यातला 'धक्का क्रमांक सहा' तिचा. पेत्रोझावोद्स्कच्या धक्क्यावर मासे तोलणारी एक बाई, दीड तास, बस. समोर 'सेनापतीचा हिवाळा' — चारशे घोडे.

संघाचं बक्षीस मिळालं तर वितरक तिचा चित्रपट दोन आठवडे मॉस्कोत लावणार. नाही तर रिळांचे डबे फडताळात.

"बाई, मी मत मागायला फोन नाही केला."

"मग?"

"भीती वाटली म्हणून."

म्हटलं, मोजणी करणाऱ्यांनी कुणाशी बोलायचं नसतं. ठेवला फोन. तो चित्रपट मी तीनदा पाहिला, तीनदा रडले. हे फक्त इथे लिहितेय.

१७ जानेवारी, शुक्रवार

मतदान. उणे एकोणीस अंश. पेनातली शाईसुद्धा गोठली, रांगेत उभ्याउभ्या दुसऱ्याचं मागून घ्यावं लागलं. समितीप्रमुखाला हे शोभत नाही.

मोजणी तीनदा केली. अडतीस — अडतीस. आणि एक मतपत्रिका वादातली. चौकटी दोन्ही कोऱ्या, 'सेनापतीचा हिवाळा' या नावावर आडवी रेघ. हिरव्या शाईत.

हिरवी शाई! अख्ख्या मॉस्कोत हिरव्या शाईनं लिहिणारा समीक्षक एकच. सूचनापत्रक वाचलं म्हणे! तशी हिरव्या शाईची आणखी एक होती, पण तिच्यात फुली. वाकडीतिकडी, ट्रॉलीबसमध्ये काढल्यासारखी, तरी चौकटीत. कुणीतरी नक्कल करत असेल. केशाची नक्कल करणारे पूर्वी बरेच होते.

ग्लेब हट्टालाच पेटला. "सेनापती नको म्हणजे धक्का हवा. उद्देश स्पष्ट आहे ना?"

"मी उद्देश मोजत नाही. मतं मोजते."

"अहो, पण मग उस्तिन्या हरेल."

"म्हणूनच."

तिला माझी विद्यार्थिनी म्हणून सगळे ओळखतात. एका रेघेकडे काणाडोळा केला असता तर आयुष्यभर ऐकावं लागलं असतं, की बाईंनी आपली पोरगी निवडून आणली. 'बाद' असा शिक्का मारला, तोही नीट मध्यभागी. समसमान मतं पडली की निर्णय अध्यक्षांचा. त्यांना घोडे आवडतात.

१८ जानेवारी

उस्तिन्याचा निरोप: 'बाई, ठीक आहे.'

ठीक नाही.

२० जानेवारी, सोमवार

केशाकडे गेले. मतदान गुप्त असतं हे मला माहीत आहे. तरी गेले. राग मावतच नव्हता.

तो चहात सुश्की बुडवून खात होता. ती पावाची कडक कडी तशी चावायला आता दातच नाहीत त्याला.

"हिरव्या शाईची रेघ," मी म्हटलं. "एका मतानं पोरगी गेली, केशा. तुझ्या मतानं."

त्यानं कडी आणखी एकदा चहात बुडवली. मग विचारलं, "कुठल्या नावावर होती?"

"सेनापतीवर."

"सरळ होती?"

"पट्टीनं मारल्यासारखी."

कडी बशीत ठेवली त्यानं. "मग माझीच. हाताची सवय, इरा. काय करणार?"

वाद घालेल, निदान थट्टा करेल असं वाटलं होतं. माझा राग जास्तच चढला. म्हटलं, आता मानद सदस्य हो. नाव यादीत राहील, मत राहणार नाही. मनातून मला तो 'गप बस' म्हणायला हवा होता.

"आण कागद."

सही करायला माझं पेन मागितलं.

"तुझं हिरवं कुठंय?"

"हरवलं कुठंतरी."

पेनही हरवलं! दारात मला कोट चढवताना म्हणाला, "मोजणी मात्र सोडू नकोस. एक म्हातारा घरी बसला, तेवढं पुरे."

२४ जानेवारी

संघाच्या सभेत केशाचा अर्ज मंजूर. पन्नास वर्षं लिहिलं त्यानं. टाळ्या अर्धा मिनिट. ग्लेबनं दहा कार्नेशन आणली. सम संख्येची फुलं मयताला देतात, एवढंही या पिढीला कळत नाही. मी एक काढून माझ्या पिशवीत टाकलं.

केशा मागच्या रांगेत बसला होता. मफलर नव्हता. तो अजून माझ्याकडेच आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

कोट ड्रायक्लीनिंगला द्यायचा म्हणून खिसे रिकामे केले. आतल्या खिशात हिरवं पेन.

रांगेत तो माझ्या पुढे होता. मत टाकून वळला, मी पेन मागितलं, त्यानं दिलं. मग मी आडोशाला गेले आणि उभ्याउभ्या, एकतीस वर्षं मारत आले तशी, सेनापतीवर रेघ मारली. सरळ. वाकडीतिकडी फुली केशाची होती. त्याच्या हाताला सरळ रेघ जमेल कशी? बशीतला चहा मीच पुसला होता.

फोन केला.

"पेन सापडलं वाटतं," केशा म्हणाला.

उस्तिन्याला अजून केलेला नाही. आधी संघाला अर्ज लिहायला बसले. 'इनोकेंती पाव्लोविच यांचं मत त्यांना परत द्यावं. बाद मत माझं —' 'माझं'च्या जागी आधी चुकून 'त्यांचं' लिहिलं गेलं होतं. खोडलं. रेघ अजूनही सरळ येते.