कमलदादाच्या फोटोला हार नाही

बुधवार, ४ नोव्हेंबर

घात झाला! तनिषाने कमलदादाच्या फोटोला हार घातला.

हार म्हणजे शाळेत केलेलं रीथ, फुलांचं गोल कडं. अंड्यांची खोकी कापून, लाल रंगवून पॉपीची फुलं, रिमेंब्रन्ससाठी, म्हणजे लढाईत गेलेल्यांच्या आठवणीसाठी इथे वाहतात तशी. नात नऊ वर्षांची, शाळा सुटली की आमच्याकडेच असते. स्टूलवर चढून लटकवलं आणि वर मलाच तिच्या मोडक्या मराठीत विचारते, "आजी, मामाआजोबा छान दिसते ना?" मी अशी किंचाळले की शेजारीण बेल वाजवून विचारायला आली, सगळं ठीक ना? उदय दारातूनच म्हणाला, "माझ्या मेव्हण्याला हार घातलाय, म्हणून." ती म्हणाली, "ओह, लव्हली," आणि गेली. काय नवरा मिळालाय मला!

आमच्यात फोटोला हार चढला की माणूस गेला. कमलदादा गेलेला नाही. मिसिंग आहे! एकाहत्तरच्या लढाईत गस्तीवर गेला, परतला नाही, एवढीच तार आली. तेवीस वर्षांचा होता. आईने तेव्हाच बजावलं — हार नाही, श्राद्ध नाही, आणि भाऊबीजेला नंदाने, म्हणजे मी, चंद्राला ओवाळायचं. आई जाऊनही किती वर्षं झाली. मी काही सोडलेलं नाही.

रीथ कपाटात टाकलं. तनिषा रडली. मग तिला चकली दिली.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर

चकल्या मऊ पडल्या. उदय म्हणतो, "कवळीवाल्यांची सोय झाली." त्याला आज जेवायला फक्त चकल्याच.

रविवार, ८ नोव्हेंबर

लक्ष्मीपूजनाच्या दिवशीच रिमेंब्रन्स संडे! तनिषाच्या शाळेची मुलं मेमोरियलपाशी गाणार, म्हणून सकाळी गारठ्यात उभे. मग दोन मिनिटं गप्प राहायचं. मी! जन्मभर इस्पितळात लोकांना भूल देऊन गप्प केलं, स्वतः कधी राहिले नाही.

तेवढ्यात उदयच्या खिशात फोन वाजला. गणपतीची आरती, टाळांसकट! धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. शेजारी व्हीलचेअरवर एक म्हातारी होती, ती खुदकन हसली. नंतर म्हणाली, मी जोन. तिचा काका लढाईत बर्मात हरवला, सापडलाच नाही. या दगडावर त्याचं नाव आहे. "त्याला राहायला कुठेतरी जागा हवी ना," म्हणाली.

मला रागच आला. जागा म्हणे! इथे एजवेअरमध्ये जित्याजागत्या माणसाला जागा मिळत नाही.

पण इथे खरं लिहिते. त्या शांततेत दादाचा आवाज आठवायला गेले. आरती वाजायच्या आधी. नाही आठवला. संध्याकाळी समई लावताना रडू आलं. उदयने विचारलं, "कांदा चिरलास का?" पूजेच्या दिवशी कसला कांदा, मेल्या!

मंगळवार, १० नोव्हेंबर

पाडवा. उदयला ओवाळलं. ओवाळणीत एअर फ्रायर — "पुढच्या वर्षीच्या चकल्यांसाठी."

बुधवार, ११ नोव्हेंबर

भाऊबीज. आभाळ गच्च. द्वितीयेची कोर ती केवढीशी, आणि पाचच्या सुमारास मावळतेही. आमच्या खिडकीतून समोरच्याचं गॅरेज तेवढं दिसतं. म्हणून दरवर्षीसारखे दुकानांच्या वरच्या कार पार्कात गेलो, सगळ्यात वरच्या मजल्यावर. मी पैठणीवर अनोरॅक जाकीट घातलेलं, हातात ताम्हण. उदय निरांजनावर छत्री धरून. वारा असा की काडेपेटी संपत आली.

यंदा गार्ड नवीन. धावतच आला. "मॅडम, इथे आग चालणार नाही!"

उदय म्हणाला, "ती तिच्या भावाची वाट बघतेय."

बिचारा लगेच मवाळ झाला. "मग ठीक आहे. किती वाजता येणार ते? गाडीचा नंबर द्या, खाली बॅरियरला सांगून ठेवतो."

किती वाजता येणार. पंचावन्न वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं! आईने नाही, उदयने नाही, मी स्वतःला तर नाहीच.

"तो येणार नाही," मी म्हणाले. अगदी साधेपणाने. बोलल्यावर मलाच ऐकू आलं.

गार्ड गोंधळून "सॉरी" म्हणाला. उदयने निरांजनावरची छत्री माझ्यावर धरली. निरांजन विझलं. चंद्र काही दिसला नाही. येताना बसमध्ये दोघंही गप्प, दोन मिनिटांपेक्षा कितीतरी जास्त वेळ.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

तनिषा शाळेतून आली. तिला स्टूल धरायला लावलं आणि रीथ मी घातलं, माझ्या हाताने. मग ओवाळलं. भाऊबीज एक दिवस उशिरा झाली, पण दादा तरी कधी कुठे वेळेवर पोचला होता!

छान दिसतो माझा दादा.