गाढवीचा उन्हाळा, चार क्लॅरिनेटांसाठी

रविवार, केशोरी. दिवे लागल्यावर.

ज्यांनी मला सूर शिकवले, त्यांनाच चारचौघांत चूक दाखवायचा हक्क मला संगीताच्या पदवीने दिला का?

गाढवी नदीवर मी चार क्लॅरिनेटांसाठी चार तुकडे रचलेत. वाजवणारे चौघे म्हणजे बाबा आणि त्यांच्या वरातीच्या बँडमधले तिघे. तिसरा तुकडा उन्हाळ्याचा. नदी आटते, म्हणून मध्ये चौघांनीही थांबायचं, असं मी ठरवलं होतं. आज तालमीत बाबांनी ती शांतता दोनदा भरून काढली. वरातीत एकाने श्वास घेतला की दुसऱ्याने सूर धरायचा, ही त्यांची जन्माची सवय.

"बाबा, तिथे वाजवायचं नाही, किती वेळा सांगू!" मी ओरडलेच.

बँडमधले सोमाकाका बाबांकडे बघून हसले, "मास्टर, पोरगी बी.ए. झाली, आता आपल्याले चूप बसाले शिकवून राहिली."

बाबा हसले नाहीत. क्लॅरिनेटच्या तोंडाची पातळ पट्टी, ती रीड, पुसत बसले. कोरडीच होती, तरी पुसत होते.

घरी येताना म्हणाले, "नदी आटली तरी रेतीत झिरा खणला का पाणी लागते. मंग पुरं चूप काऊन?"

लहानपणी त्याच झिऱ्यातून मी वाटीवाटीने घागर भरलीय. मला कसं सुचलं नाही? आणि ते रीड पुसणं...

जेवणाआधीच तिघांच्या घरी जाऊन आले. चूक माझी होती, तिथे तुम्ही थांबा, बाबांचा एकच खालचा सूर चालू राहील, असं सांगितलं. सोमाकाकांना तर अंगणात उभं राहून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.