वाढवलं कोणी

२ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पहिली बातमी, पशुवैद्यक कॉलेजच्या यादीत माझं नाव लागलं. दुसरी त्याहून मोठी. एका प्रतिष्ठानाने मला पूर्ण शिष्यवृत्तीसाठी निवडलं आहे. सोनेरी मुद्रेचं पत्र आलंय. फक्त नोंदणीशुल्क आधी भरायचं, पंधरा तारखेच्या आत. बाबा हरखलेत. समोरच्या न्हाव्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना सांगून झालंय. आई मात्र म्हणाली, पैसे भरण्याआधी आत्याला विचार. ती दिवसभर काचेच्या बाटल्या उजेडात धरून खोट शोधते, तिला पत्रातली दिसेल. तर लगेच लिही. तब्येतीला जप.

तुझी लाडकी,
भिंगरी

५ जून

चि. भिंगरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाव लागल्याचा फार आनंद झाला. तपासणीच्या बाकावरच्या सगळ्याजणींना सांगितलं. आता त्या प्रतिष्ठानाचं. तू तिथे अर्ज केला होतास का? नसेल, तर त्यांनी तुला निवडलं कशातून? आणि ज्याला द्यायचंय तो आधी मागेल कशाला? दादाला सांग, खिशातला हात खिशातच राहू दे. पत्रावरच्या पत्त्यावर जाऊन ये. मग कॉलेजच्या कचेरीत जा, शिष्यवृत्त्यांचं काम बघणारं कोणीतरी तिथे असतंच. खऱ्या शिष्यवृत्तीला सोनेरी मुद्रा नसते, अटी मात्र ढीगभर असतात. वेळेवर जेवत जा.

तुझं भलं चिंतणारी,
आत्या

१३ जून

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्त्यावर किल्ल्या करून देणाऱ्याचं दुकान निघालं. अशी पत्रं घेऊन येणारी मी काही पहिली नव्हते. तो बिचारा आता पत्र हातात दिसलं की आधी पाणी देतो. बाबांनी न्हाव्याकडे जाणंच सोडलंय, दाढी वाढते आहे.

कचेरीतल्या बाईंनी मात्र खऱ्या शिष्यवृत्त्या सांगितल्या. बहुतेकांची मुदत संपलेली. उरली एकच, तीही तुमच्या कारखान्याच्या कामगार निधीची! पण ती फक्त कामगारांच्या मुलांना मिळते. बाबांनी तुमच्या चिटणीसांना फोन केला. ते म्हणाले, आत्याने ‘माझी मुलगी’ असं लिहून दिलं आणि बाबांनी सही केली, तर बघायला कोण येतंय? बाबा सही करायला एका पायावर तयार आहेत. नाहीतरी तेव्हा इथे शाळा चौथीपर्यंतच होती, म्हणून पाचवी ते दहावी मी तुझ्याकडेच होते. जुलैअखेर फी भरली नाही, तर माझी जागा पुढच्या नावाला जाईल. आत्या, नाही म्हणू नकोस.

तुझ्या पत्राकडे डोळे लावून बसलेली,
भिंगरी

१७ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

नाही. एवढंच लिहून पाकीट बंद करणार होते. पण तू रडशील आणि दादा चिडेल, म्हणून कारणही लिहिते. हा निधी आम्हा सगळ्यांच्या पगारातून कापला जातो. मी खोटं लिहिलं, तर कुणाच्या तरी खऱ्या मुलीचं नाव गळेल. एका खोट्या शिष्यवृत्तीतून तू नुकतीच सुटलीस, दुसरी आपण घरात तयार करायची का?

आणखी एक. ‘माझी मुलगी’ हे शब्द कुठेतरी लिहायला मिळावेत असं मला किती वर्षं वाटत आलंय. म्हणूनच ते चोरून लिहिणार नाही. रागाव, पण पत्र लिहीत जा.

आत्या

२५ जून

चि. बेबीस,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. पोर धड जेवत नाही. म्हणते, आत्याने मला आपली मानलंच नाही. तुझी तत्त्वं तुझ्यापाशी ठेव, त्यांनी फी भरली जात नाही. सहा वर्षं तिला ठेवून घेतलंस, उपकार झाले. पण वाढवली आम्ही, आणि शिकवूही आम्हीच. यापुढे या विषयावर लिहू नये.

दादा

१४ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

लिहू नकोस म्हणालास तरी लिहिते. धाकटी बहीण ऐकत नसते, हे तुला मी पाळण्यात होते तेव्हापासून माहीत आहे. गेल्या आठवड्यात निधीची सभा झाली. मी उभी राहिले आणि विचारलं, ज्यांना मूल नाही त्यांचाही पगार कापता, मग त्यांनी वाढवलेल्या पोराला निधी का नाही? आधी सगळे हसले. मग भट्टीवरचा एकजण उठला, त्याने मेहुण्याची पोरं सांभाळली आहेत. मग पॅकिंगमधल्या दोघी उठल्या. ठराव मंजूर झाला, तोही याच वर्षापासून. भिंगरीचा अर्ज मी भरला. नात्यापुढे ‘भाची’ असंच लिहिलंय.

बाकी सगळं तपासून झालं. एक ओळ उरली आहे, ती आली की पैसे थेट कॉलेजात जातील. मुलगी त्या सहा वर्षांत कोणी वाढवली, हे बापाने स्वतःच्या हाताने लिहून खाली सही करायची आहे. ‘ठेवून घेतली’ चालत नाही, मी विचारून पाहिलं. कागद सोबत आहे. महिनाअखेरीच्या आत यायला हवा. वहिनींना नमस्कार. भिंगरी अजून रुसलेली असेल तर तिला अर्धाच आशीर्वाद दे, उरलेला इथे येऊन घेऊन जा म्हणावं.

तुझी,
बेबी

२२ जुलै

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

खोट्या कागदावर मी न वाचता सही करायला निघालो होतो. या खऱ्या कागदापुढे चार-पाच दिवस पेन घेऊन बसलो. ओळ लिहिली की पोर हातची जाईल, असं रोज वाटायचं. तुझी वहिनी म्हणाली, ती सहा वर्षं तिकडेच होती, तुम्हाला आज कळतंय. भिंगरी रोज संध्याकाळी कागद जागेवर आहे ना, एवढं बघून जायची.

काल लिहिलं. नुसतं तुझं नाव लिहून भागेना, म्हणून ‘माझ्या बहिणीने वाढवली, आणि चांगली वाढवली’ असं लिहिलंय. शेवटचे शब्द त्यांनी मागितले नव्हते. चालत नसतील तर दुसरा कागद पाठव. त्यावरही तेच लिहीन.

दादा