मनीप्लँट लावलेली इस्त्री

मंगळवार, दुपार

माझी खोली अंधारी नाही. पहिलं हे लिहून टाकते, मग बाकीचं. मासिकातल्या लेखात तू लिहिलंयस, ‘वंचित वस्तीतल्या एका अंधाऱ्या खोलीत भरणारा वाचनवर्ग’. छापील बारीक अक्षर मला दिसत नाही, म्हणून शेजारच्या नर्सबाईकडून वाचून घेतलं, आणि परत एकदा वाचायला लावलं, म्हटलं मीच चुकीचं ऐकतेय. दोन खिडक्या आहेत या खोलीला. त्यातली एक तुझ्या आजोबांनी घरमालकाशी भांडून पाडून घेतली. अंधारी म्हणे. अख्खी सुट्टी इथे राहून गेलीस तेव्हा चष्मा कुठे विसरली होतीस?

शहाणे, तुला अनेक आशीर्वाद. तू खुशाल असशील. मी बरी आहे, गुडघे त्यांच्या मर्जीने चालतात. नर्सबाई म्हणत होती, सांगा, मी लिहून देते. पण हे दुसऱ्याच्या हाताने लिहायचं नाही. दुसरीत शाळा सुटली, अक्षर तेव्हाचंच आहे, सांभाळून घे.

पुस्तकांचं पार्सल पोचलं. खाटेखाली सारलंय. सोबतची चिठ्ठीही वाचली, ‘भुंगीला सांग, मी तिच्या पाठीशी आहे’. सांगेन की नाही ते अजून ठरवलेलं नाही. मी तिला भेटले तेव्हा तिच्या पाठीशी भिंत होती.

तुझ्या बापाने कालपासून माझा फोन घेणं बंद केलंय. त्याचं कारण पुढे येईल.

तू सुरू केलेला वर्ग म्हणशील तर रविवारी मी दार उघडते, सतरंजी घालते. पूर्वी पोरांच्या चपला जिन्यापर्यंत जायच्या. आता घड्याळ दुरुस्त करणाऱ्याची जुळी येतात, तीही आईला न सांगता. वाचतात, भांडतात, जातात. ‘परत द्या’ खेळू या का म्हणाली, मी म्हटलं, तो खेळ मोडला.

तूच काढलेला खेळ. साम्राज्यं म्हणे दुसऱ्यांच्या देशातून जहाजं भरभरून वस्तू न्यायची आणि आपल्याकडे काचेमागे मांडायची. ते पोरांना कळावं म्हणून एकाने साम्राज्याचा पहारेकरी व्हायचं आणि बाकीच्यांनी विचारायचं, हे कुणाचं होतं? कुणी नेलं? परत कधी देणार? साम्राज्य कायम मीच, कारण मी खाटेवरून उठत नाही. ‘देणार नाही’ एवढंच म्हणायचं. मला बाई ते काम छान जमलं.

विचारणारी मात्र भुंगीच. मनातल्या मनात वाचतानाही गुणगुणते म्हणून तिचं नाव तू भुंगी ठेवलंस. लेखात तिच्यावर एवढं मोठं लिहिलंस. ‘या मुलीच्या प्रश्नात मला उद्याचा न्याय दिसला.’ तुला न्याय दिसला. मला ती गेल्या आठवड्यात दिसली, मुलींच्या सुधारगृहात, केस कानाच्या वर कापलेले.

तुला हे ठाऊक आहे, मला माहितीये. बापाने तुला सांगितलं असेल, पोरीने बंगल्यात चोरी केली, प्रकरण मिटतंय, तू आपला अभ्यास बघ. आता माझ्याकडून ऐक.

कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तुला आठवतो. लेखात त्याला ‘विस्थापित कारागीर’ म्हटलंयस, तो अजून इस्त्रीवालाच आहे. त्याच्यामागच्या बंगल्याचं फाटक रुंद करायचं म्हणून त्याची टपरी उचलली. पत्रे गाडीत भरून नेले, कोळशाची इस्त्री राडारोड्यात राहिली. ती बंगल्यातल्या बाईंना आवडली. त्यांनी घासूनपुसून लख्ख केली, पोटात माती भरली आणि मनीप्लँट लावला. दिवाणखान्यात, येणाऱ्याला पहिली दिसेल अशी ठेवली. ज्या इस्त्रीने त्या घराचे शर्ट इतकी वर्षं कडक केले, तिच्यात आता वेल.

भुंगीची आई तिथे फरशी पुसते. शाळेला सुट्टी होती म्हणून पोर बरोबर गेली आणि इस्त्री ओळखली. मूठ तारेने बांधलेली आहे ना. ती तार माझ्या मोडक्या छत्रीची, मीच त्याला दिली होती. पाहुणे बसले होते. पोरीने मधोमध उभं राहून विचारलं, हे कुणाचं होतं, कुणी आणलं, परत कधी देणार. सगळे हसले. बाई म्हणाल्या, ‘आमच्या कामवालीची मुलगी, किती चुणचुणीत आहे बघा’. एकीने बिस्किट दिलं.

ती तशीच माझ्याकडे आली. ‘आजी, ते हसले, पण उत्तर नाही दिलं.’

मी म्हटलं, ‘अगं, साम्राज्य उत्तर देत नसतं.’

मला वाटलं मी विनोद केला. तिने मान डोलावली, विषय कळल्यासारखी.

आणि मग एका दुपारी ती बंगल्यातून इस्त्री घेऊन निघाली. मनीप्लँट आपला नाही, इस्त्रीवाल्याचाही नाही, म्हणून तो मुळांसकट काढला, पेल्यात पाणी घालून त्यात ठेवला, सांडलेली माती पुसून घेतली. चोर माती पुसतो का, तूच सांग. ते लोखंड दोन्ही हातांनी पोटाशी धरून, थांबत थांबत, इस्त्रीवाल्याच्या दारात नेलं. ‘घ्या काका, तुमची आणली.’

तुझ्या खेळात पुढे काय होतं? टाळ्या होतात. इथे इस्त्रीवाल्याने दार लावून घेतलं, थोड्या वेळाने उघडलं, आणि दिवस मावळायच्या आत स्वतःच ती इस्त्री बंगल्यावर नेऊन दिली. म्हणाला, ही माझी नव्हे, पोरगी विकायला घेऊन आली होती.

बस. एकदा चोर ठरल्यावर त्या घरात आजवर हरवलेलं सगळं तिच्या नावावर निघालं. चांदीची वाटी, साहेबांचं मनगटी घड्याळ, कुठला तरी पेन. एवढीशी पोर एवढं कुठे ठेवणार, तर म्हणे आईनेच पाठवली असणार. पोरीला सुधारगृहात नेलं. आई रोज पोलिसात हजेरी लावते. बंगल्याचं काम गेलं, बाकीच्या घरांनीही दार बंद केलं.

मी इस्त्रीवाल्याकडे गेले. काठी आपटत गेले, सगळ्या गल्लीला कळावं म्हणून.

‘इस्त्री तुझी नाही?’

‘नाही आजी.’

‘मग मुठीची तार काय साहेबांच्या छत्रीची?’

तो खाली बघून बटणं लावत होता. बटणं आधीच लावलेली होती. म्हणाला, ‘फाटकाशेजारी बसायला जागा देतो म्हणालेत. पोरगा त्यांची गाडी चालवतो. माझी म्हटली तर दोन्ही गेलं. तुम्हीच सांगा, काय म्हणू?’

येताना मी काठी आपटली नाही. त्याला वाईट म्हणून लेखात घालू नकोस. ज्याचं नेलं तोच हात मागे घेतो, हे तुझ्या साम्राज्याच्या पुस्तकात कुठे लिहिलंय ते मात्र मला दाखव. लिहिलं असेल तर पोरीला ते आधी का नाही शिकवलंस? आणि तुलाच कळलं नसेल तर लहान पोरांच्या हातात अर्धाच धडा कशाला दिलास?

सुधारगृहात मला एका बाकावर बसवलं, तिला समोर. सोबत पहाऱ्याची बाई. भुंगीचा आवाज गेलेला. बोलते, पण मधली गुणगुण गेली. मी म्हटलं, जेवतेस का? हो म्हणाली. झोपतेस का? हो म्हणाली. दोन्ही खोटं होतं.

मग हळूच म्हणाली, ‘ताईला कळलं?’

‘कळलंय.’

‘ती म्हणाली का, मी बरोबर केलं?’

मी पदर सारखा केला. म्हटलं, ‘ती कामात आहे.’ तुझ्यासाठी बोललेलं हे शेवटचं खोटं.

आता बापाचं. मुलांचे खटले बघणाऱ्या मंडळापुढे काल आम्हाला बोलावलं होतं. आदल्या दिवशी त्याचा फोन. ‘आई, विचारलंच तर म्हण, ऐकू येत नाही, आठवत नाही. तिचे परदेशी शिकायला जायचे कागद चाललेत. चोरीच्या प्रकरणात नाव आलं तर कायमचे अडकतील.’ मी म्हटलं, बरं. माझा मुलगा आहे, तुझा बाप आहे, त्याला तुझी काळजी. मलाही आहे, तुला ते वाटो न वाटो.

मंडळातल्या मॅडम तशा बऱ्या आहेत. पोरीला विचारत होत्या, तुला हे कुणी शिकवलं, घाबरू नकोस. भुंगीने तोंड उघडलं नाही. पोलीस म्हणाला, ‘बघा, आईला वाचवतेय.’ आई नुसती रडत होती, त्याने काही सिद्ध होत नाही. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. ‘आजी, तुमच्या खोलीत मुलांचा वर्ग कोण घ्यायचं?’

मी कानामागे हात धरला. खोटं कशाला लिहू, धरला. त्यांनी मोठ्याने परत विचारलं. समोरून भुंगीने माझ्याकडे बघून मान हलवली. नको, अशी. अगं, ती आईला वाचवत नव्हती. तुला वाचवत होती. अकरा वर्षांची पोर मला खुणावत होती, की ताईचं नाव सांगू नका.

मी हात खाली घेतला आणि तुझं नाव सांगितलं. आडनावासकट, कॉलेजसकट, कुठला विषय शिकतेस त्यासकट. खेळही सांगितला, माझा साम्राज्याचा विनोदही सांगितला. मॅडमनी सगळं लिहून घेतलं आणि म्हणाल्या, म्हातारीचं एकटीचं पुरणार नाही. जिने शिकवलं तिने समोर येऊन सांगायला हवं, की मुलीने ती वस्तू परत करायलाच नेली. तसं सांगितलं तर आई मोकळी, पोर घरी. नाहीतर आईवर खटला, आणि पोर मोठी होईपर्यंत तिथेच.

तुला आधी विचारायला हवं होतं, असं तुझा बाप म्हणतो. विचारलं असतं तर तू विचार करायला वेळ मागितला असतास. शिकलेली माणसं वेळ फार मागतात. मी तुझं नुकसान केलं, हे मला कळतं. तुझे परदेशाचे कागद अडले तर ते माझ्यामुळे अडतील. माफी मागत नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, रात्री उतरायची सोय नर्सबाईकडे करून ठेवते.

तारीख पुढल्या गुरुवारची आहे. सकाळीच नाव पुकारतात. तुझा बाप वकील पाठवायचं म्हणतोय. सहीचा कागद पाठवू म्हणतोय. तू आजारी आहेस असं कळवू, असंही म्हणाला. त्यातलं काही चालायचं नाही. मॅडम विचारतील, या पोरीला हे कुणी शिकवलं. त्याचं उत्तर वकिलाने द्यायचं नाही, बापाने द्यायचं नाही, मी माझं देऊन बसले आहे. ते तू द्यायचं. मॅडमकडे नंतर बघ, आधी भुंगीकडे बघून द्यायचं.

आजी